कणकेच्या गोळ्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास विपुलनं तळ्यावरचे, पाण्यात हवा मिसळणारे चारही एरेटर बंद केले. जेठात झिंग्यांचं बीज सोडल्यापासून ती चाकं सगळी मिळून एकदाही थांबली नव्हती. त्यांच्या छपछपाटाची घराला इतकी सवय झाली होती, की आवाज गेला तेव्हा ओसरीवर बसलेल्या विपुलच्या वडिलांनी, नत्थुजींनी, मान वर करून विचारलं, "काय झालं बे?" काय झालं ते त्यांना पहाटेपासून ठाऊक होतं, तरीही.

झिंगे, म्हणजे कोळंबी, मरून काठाला लागले होते. पांढरट, मऊ, मिशा एकमेकांत गुंतलेले. अमावस्येच्या आगेमागे झिंगा कात टाकतो, तेव्हा त्याला हवा जास्त लागते, हे त्याच्या लहानपणच्या दोस्तानं, अन्सारनंच विपुलला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. म्हणून तर अमावस्येला चारही चाकं चालू ठेवायची. चालूच होती. पहाटे पाण्यातल्या हवेचा आकडा घसरला तसा विपुलचा मोबाईल ओरडला, त्यानं अन्सारला फोन केला, अन्सार हिवरखेडहून मोटारसायकलवर आला. एरवी तो तळ्यावरच्या खोलीतच राहायचा. "पोळ्याले तरी घरी जाय, हलीमाबी माह्या नावानं बोटं मोडत असन," असं म्हणून विपुलनंच त्याला सुटी देऊन बायकोकडे धाडलं होतं.

उजाडल्यावर दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरले. उंबराकडच्या कोपऱ्यात विपुलनं बांबू घातला आणि तळाचा गाळ वर आणला. काळा, डिंकासारखा. सडक्या अंड्याचा वास आला.

"खाद्य सडलं खाली," विपुल म्हणाला. "पन इथं कोठून आलं एवढं? खाद्य टाकाचं मशीन तं त्या टोकाले आहे."

 अन्सार उंबराखालच्या तीन दगडी पायऱ्यांकडे बघत होता.

सगळ्यात वरच्या पायरीवर हळदीकुंकवाची दोन बोटं होती.

*

चार एकरांचा हा तुकडा खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यावर पीक भिजवलं तर जमीन पांढरी पडते. नत्थुजींचे वडील म्हणत, आपल्या खाली समुद्र निजला आहे. विपुलनं कृषीची पदवी घेतली आणि त्या निजलेल्या समुद्राला जागं करायचं ठरवलं. अन्सार कोकणात दोन वर्षं राहून झिंग्यांचं काम शिकून आला होता. बोअरचं खारं पाणी, त्यात कमी पडणारं पोटॅश, तळाला जाड कागद, पाण्यात सेन्सर. तळ्यातलं पाणी नाल्यात सोडायचं नाही, शेजारच्या कुंडात निवळून पुन्हा तळ्यात घ्यायचं, म्हणजे कोणाच्या शेताला मीठ लागणार नाही. दोन वर्षं जमलं. यंदा पट्ट्यातल्या आणखी पाच जणांनी तळी खोदायला घेतली होती आणि पाचही जण अन्सारच्या शब्दावर चालत होते.

माळकऱ्याच्या घरात हे शिरलं कसं, ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. नत्थुजींनी शेवटी हो म्हटलं ते दोन अटींवर: एकादशीला जाळं पडायचं नाही आणि तळ्यातला जीव घराचा उंबरा ओलांडायचा नाही. त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीही काही म्हटलं नव्हतं.

*

दहा वाजता सगळे ओसरीवर जमले. पोळ्यासाठी थोरला नितेश अकोल्याहून, जठारपेठेतून आला होता. लेक रागिणी बडनेऱ्याहून. तिचा नवरा रेल्वेत, त्याला सुटी नव्हती. नितेशनं खुर्ची मधोमध ओढून घेतली आणि विपुलचा मोबाईल हातात घेतला. अन्सार दाराजवळ उभा होता, ओल्या पँटीतून पाणी ठिबकत होतं.

"बस ना रे," रागिणी म्हणाली.

"नाही ताई. ओला आहो."

"मले हे समजून सांग," नितेश मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला. "या ॲपमध्ये रोजचं खाद्य लिहून येते. आषाढीपर्यंत बरोबर. मंग रोज एक किलो कमी. गेल्या आठ दिवसांत तं आनखी कमी. कमी खाद्य पडलं तं तळाशी सडलं काय? हवा?"

"थेच मी इचारून राहिलो," विपुल म्हणाला.

"तू कोनाले इचारून राहिला? तुलेच मालूम पाहिजे. तळं तुहं आहे का त्याचं?"

"आमचं दोघाइचं आहे."

"हाव, दोघाइचं! लोकं काय म्हनतात माहीत आहे? नत्थुजीच्या पोराले पोरगी काहून भेटत नाही, तं थो किडे पोसते. आता किडे बी गेले."

"नितेश," नत्थुजी हळूच म्हणाले.

"नाही बाबा, आज बोलू द्या. दोन वर्षं मी गप होतो. शुक्रवारी माल काढाची गाडी येनार होती, अन् गुरुवार उजाडाच्या आत सगळं तळं मरते? मशीन म्हनते खाद्य कमी, गाळ म्हनते जास्त. मंग मधात कोनी तरी हात घातला ना?"

अन्सारनं पायाखालच्या पाण्याच्या थारोळ्याकडे पाहिलं. मग मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात पार्वताबाई उभ्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात पाण्याचा तांब्या. त्याच्यासाठीच आणला होता.

"म्या घातला," अन्सार म्हणाला.

"काय?"

"मशीनवर भरोसा नोहता. म्हनून मशीनमधी कमी केलं अन् हातानं टाकत होतो. उंबराच्या बाजूनं. अंदाज चुकला माहा."

विपुल उठून उभा राहिला. "तू? हातानं?"

"हाव."

"मुठीनं खाद्य टाकलं म्हनून मोझरीच्या त्या मानसाले तू माह्यासमोर झाडलं होतं. 'हा कोंबड्याइचा खुराडा नोहे,' असं म्हनला होता तू."

"म्हनलो होतो."

"माह्याकडे पाहून बोल ना बे!"

अन्सारनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "चुकलं, विपुल. आता किती बार म्हनू?"

मोझरीच्या गोष्टीवर एरवी दोघंही पोट धरून हसायचे. विपुल धप्पकन खाली बसला. तळं गेलं होतं ते त्याला पहाटेच कळलं होतं. आणखी काही जायचं बाकी होतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"झालं तं मंग," नितेश म्हणाला. आवाजात राग कमी आणि सुटका जास्त होती. "विपुल, त्या तळेवाल्याइच्या ग्रुपवर टाकतो मी. लोकाइले कळू दे, पानी वाईट नाही, धंदा वाईट नाही, मानूस वाईट निघाला. नाही तं उद्या म्हनतीन, खारपानात हे जमतच नाही."

"टाका भाऊ," अन्सार म्हणाला. "बरोबर आहे तुमचं." दारातूनच तो वळला. चपला घालताना त्यानं एकदा आत पाहिलं. "मावशी, पानी राहू द्या. येतो."

मोटारसायकलचा आवाज बांधावरून लांब गेला.

तांब्या हातात तसाच धरून पार्वताबाई आत वळल्या, हे एकट्या नत्थुजींनी पाहिलं. आणि त्यांनी मान खाली घातली. गेल्या आठ दिवसांत दोनदा त्यांनीच गिरणीत गहू नेला होता. तीन माणसांच्या पोळ्यांना एवढी कणीक लागत नाही. काल दिवे लागायच्या वेळी, विपुल बैल घेऊन देवळाकडे गेला तेव्हा, पार्वता डोक्यावर झाकलेली परात घेऊन उंबराकडे जाताना त्यांना दिसली होती. विचारायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण चातुर्मासातल्या बाईला काय करतेस म्हणून विचारू नये, हे घरातलं वळण.

*

देवघरात पार्वताबाई पाटावर बसल्या. समोर समई, शेजारी कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांचा द्रोण. अजून मूठभर उरल्या होत्या. प्रत्येकीवर शिसपेन्सिलीनं एकच शब्द: राम.

आषाढी एकादशीला त्यांनी मनात संकल्प सोडला होता. आपल्या दारात हजारो जीव मरणासाठी वाढत आहेत. पोराचं मन मोडवत नाही आणि गळ्यातली माळ गप्प बसू देत नाही. तर मग जीव जायच्या आधी त्याच्या पोटात नाव तरी जावं. सव्वा लाख चिठ्ठ्या, प्रत्येकीभोवती कणीक, सव्वा लाख गोळ्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. कार्तिकीला पूर्ण. कोणाला सांगायचं नाही. तोंडातून गेलं की व्रत गेलं. आईकडून त्यांना असंच आलेलं होतं. दुपारी दार लोटून बसत, सगळ्यांना वाटे जप चालला आहे. जपच होता तो.

मग आठ दिवसांपूर्वी जेवताना विपुल म्हणाला, पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी गाडी येते. माल काढतो. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. कार्तिकी अडीच महिने लांब. अर्ध्याहून जास्त जीव तसेच जाणार, नावावाचून. त्या दिवसापासून त्यांनी दुपारची निजही सोडली. मनगटं सुजली. काल जमल्या तेवढ्या गोळ्या परातीत घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. किती समाधान वाटलं होतं! पाण्यावर गोळ्या पडताना पाऊस पडल्यासारखा बारीक आवाज झाला होता.

आता बाहेर नितेशचा आवाज येत होता, लिहिता लिहिता वाचत होता तो: "आमच्या तळ्यावरील कामगाराच्या निष्काळजीपणामुळे…"

"कामगार नोको लिहू," विपुल म्हणाला. पण हळू.

"मंग काय लिहू? जिवलग दोस्त?"

पार्वताबाईंचे ओठ हलत होते. चाळीस वर्षांत एक उपास मोडला नव्हता, एक नेम चुकला नव्हता. देवा, तूच सांग, त्या म्हणाल्या. समई नेहमीसारखी जळत राहिली.

*

रागिणी अन्सारचं सामान बांधायला तळ्यावरच्या खोलीत गेली होती. कोणी सांगितलं नव्हतं. कपडे असे लोकांच्या तोंडासमोर पडून राहू नयेत, एवढंच तिला वाटलं. दोन शर्ट, नमाजाची चटई, पाण्याचा खारेपणा बघायची काचेची नळी. आणि कोनाड्यात, सगळ्यात वर, बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

तिनं झाकण काढलं. आत स्वच्छ फडक्यावर कागदाचे इवलेसे तुकडे होते, पाण्यातून काढून वाळवलेले, रबरात बांधलेल्या जुड्या. तिनं एक तुकडा उलगडला; कडेला वाळलेली कणीक चिकटलेली होती. 'र'ची शेपटी लांब ओढलेली. पाटीवर हात धरून तिला अक्षरं शिकवणाऱ्या हाताचा तो 'र' होता.

रागिणी खाटेवर बसली. झिंगे किती खातात ते बघायला पाण्यात जाळीचा ट्रे सोडतात, तो अन्सार दिवसातून चारदा वर काढायचा. पहिल्याच दिवशी त्याला कळलं असणार. तेव्हापासून कणकेच्या वजनाइतकं खाद्य तो मशीनमधून कमी करत होता आणि कोपऱ्यातला गाळ उपसत होता. कागद त्याला फेकवले नव्हते. आणि काल एकच दिवस तो इथे नव्हता.

डबा पदराखाली घेऊन ती परत आली आणि सरळ देवघरात गेली.

"माय," तिनं डबा समोर ठेवला. "त्याले मालूम होतं."

पार्वताबाईंनी एक जुडी हातात घेतली. नखाएवढ्या कागदांना सरळ करून, एकावर एक लावून बांधलेलं होतं. त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि डबा घेऊन ओसरीवर आल्या. पुरुष बसलेले असताना त्या अशा मधोमध येऊन कधी उभ्या राहत नसत.

"त्यानं नाही टाकलं," त्या म्हणाल्या. "म्या टाकलं."

मग हळू आवाजात, अडखळत, त्यांनी सगळं सांगितलं. संकल्प, चिठ्ठ्या, परात.  विपुलनं डब्यातली एक चिठ्ठी उचलली आणि दुमडून पुन्हा ठेवली.

"माय, तू मले सांगितलं असतं," तो म्हणाला. "मी थांबलो असतो दोन-अडीच महिने. झिंगे मोठेच झाले असते."

"सांगाचं नसते रे."

"हे घरातलं घरात," नितेश एकदम म्हणाला. खुर्ची सोडून तो आईजवळ आला, तिचा हात धरला. असा हात त्यानं कित्येक वर्षांत धरला नव्हता. "माय, तू काही केलं नाही. समजलं? तू पुजा केली. कोनाले बोलाचं नाही."

"अन् अन्सार?"

"त्यानं सोता कबूल केलं. आपुन जबरदस्ती केली काय? त्याले दुसरीकडे भेटन काम."

"तुह्या त्या मेसेजवर भेटन?" रागिणीनं विचारलं.

"रागिणी, तू बडनेऱ्यात राहते. इथं गावात मायले तोंड दाखवाचं आहे. नत्थुजीच्या बायकोनं रामाच्या नावानं तळं मारलं, असं म्हनतीन लोकं. चालन तुले?"

 रागिणीनं विपुलकडे पाहिलं. विपुल दोन वर्षं थोरल्या भावाशी एका शब्दानं सरळ बोलला नव्हता. आता तो नितेशच्या बाजूला उभा होता आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"मी अन्सारले मंग भेटून सांगीन," विपुल म्हणाला. "एकट्यात. थो समजून घेईन, माय. थो तसाच आहे."

"म्हनूनच," पार्वताबाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नत्थुजींनी घसा खाकरला. कीर्तनात शेकडो माणसांसमोर न अडखळणारा माणूस. "नितेश बरोबर म्हनते," ते म्हणाले. "देवाले माहीत आहे ना खरं काय ते. बस झालं."

"तुमाले बी माहीत होतं."

एवढंच त्या बोलल्या. आवाज चढवला नाही. नत्थुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिले.

"रागिणी," पार्वताबाई म्हणाल्या, "तुले जावईबापूचे आवाज येतात मोबाईलवर, बोलून पाठवलेले. तसं त्या तळेवाल्याइले पाठवता येते काय?"

"येते. पन ग्रुप विपुलच्या फोनवर आहे, माय."

"दे रे विपुल."

विपुलनं नितेशकडे पाहिलं. नितेशनं मान हलवली, नाही. मोबाईल दोघांच्या मध्ये खुर्चीवर पडला होता. रागिणी पुढे झाली, तो उचलला आणि बटन दाबून आईच्या तोंडाशी धरला. नितेश म्हणाला, "पाह्य रागिणी, हे घर तुले पुन्हा…" पण ते पुढचं वाक्य यंत्रात जाईल म्हणून त्यालाच थांबावं लागलं.

"मी पार्वताबाई," त्या म्हणाल्या. कोणाच्या लग्नाचं आवतन द्यावं तशा सावकाश. "विपुलची माय. तळ्यात कनीक म्या टाकली. माह्या नेमापायी टाकली. त्यानं झिंगे मेले. अन्सारनं काही नाही केलं. थो माह्यासाठी खोटं बोलला. त्याच्या शब्दावर तुमी तळी खोदली, त्याचा शब्द खराच आहे." त्या थांबल्या. "एवढंच. राम राम."

रागिणीनं बोट उचललं.

नितेश गाडीची किल्ली शोधू लागला. जाताना तो आईच्या पाया पडला, पण तिच्याकडे बघितलं नाही. बहिणीला म्हणाला, "बडनेऱ्याले सोडू काय म्हनून इचारनार होतो. आता तुही तू जाय."

*

फोन अर्ध्या तासानं आला. रागिणीनं तो आवाज मोठा करून पाटाजवळ ठेवला.

"मावशी," अन्सार म्हणाला. मागे कोंबड्यांचा आवाज होता, हलीमाबी कोणावर तरी ओरडत होती. "काहून केलं असं? कार्तिकीपर्यंत बोलाचं नोहतं ना? गुपित व्रत असते हे. आमच्यात बी असते असं, दिलेलं सांगत नाही."

"तुले कसं कळलं, कार्तिकीपर्यंत आहे म्हनून?"

"दरसाल तुमचं सगळं कार्तिकीलेच सुटते. तुमच्याच घरी लहानाचा मोठा झालो ना." तो थोडा थांबला. "आता तुटलं तुमचं."

"आता नाही तुटलं रे बापा. सकाळीच तुटलं. तू दारात उभा राहून खोटं बोलला अन् मी तांब्या घेऊन आत आली, तवाच."

त्यांनी फोन जवळ ओढला.

"म्या तुले आधी एक शब्द तरी इचारला असता," पार्वताबाई म्हणाल्या. "झिंग्याले कनीक चालते काय म्हनून. तुले तरी."

"म्या बी तुमाले सांगाले पाह्यजे होतं, मावशी. रोज ठरवत होतो. तुमी पायरीवर कुकू लावून हात जोडत होत्या, मंग माहं तोंडच उघडे ना. वाटलं, सांभाळून घेईन. घेतलं असतं. एकच दिवस राह्यला."

"येशीन ना उद्या?"

हलीमाबीचा आवाज थांबला होता. बहुतेक तीही ऐकत होती.

"नाही, मावशी," अन्सार म्हणाला. "विपुल तिथंच असन, तं त्याले आयकू येऊन राहिलं असन. पाच मिनिटं तं पाच मिनिटं, पन त्यानं खरं मानलं. मले मानून घ्या म्हनून मीच खोटं बोललो, हे बी खरं. पन मानलं त्यानं. आता एका पान्यात उतरनं होनार नाही आमचं." मग घाईघाईनं म्हणाला, "थो डबा वाहत्या पान्यात सोडा. तळ्यात नोको. तळ्यात आता काही सोडू नका."

विपुल देवघराच्या बाहेर भिंतीला पाठ लावून उभा होता. फोन ठेवल्याचा आवाज आल्यावर तो घमेलं घेऊन तळ्याकडे निघाला.

उन्हं चढली तसा वास घरापर्यंत येऊ लागला. काठावरची मेलेली रास आजच्या आज उचलून खड्ड्यात चुन्याखाली पुरायची होती, नाहीतर उद्या पाण्यात हात घालवला नसता. विपुल एकटाच वाकून वेचत होता. थोड्या वेळानं त्याला शेजारी सावली दिसली.

पार्वताबाईंनी पदर कमरेला खोचला होता. उंबराखालच्या पायऱ्या उतरून त्या शेवटच्या पायरीवर बसल्या, क्षणभर हात पाण्यावर धरला आणि मग झिंगा उचलला. जन्मात पहिल्यांदा. तो मऊ होता, थंड होता, आणि त्याच्या मिशा बोटाला चिकटल्या. त्यांनी तो घमेल्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला.

"माय, राहू दे," विपुल म्हणाला. "तुह्याच्यानं होनार नाही."

त्यांनी दुसरा उचलला. मग तिसरा. हाताला सवय होती, एकेक दाणा वेगळा करायची. नेहमी अशा वेळी त्यांचे ओठ हलत असत. विपुलनं वाकून पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"गळ्यातली माळ कोठी आहे तुही?" त्यानं विचारलं.

"देवापाशी ठेवून आली," त्या म्हणाल्या, आणि घमेलं त्याच्याकडे सरकवलं. "भरलं हे. खाली करून आन."